जावाच्या रेस्ट सेवेत बेसिकऐवजी टोकन ऑथेंटिकेशन कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जर्सीवर (जावात रेस्ट सेवा लिहायच्या लायब्ररीवर) चालणारी एक रेस्ट सेवा आहे, मागे एकच डेटाबेस आहे आणि आजवर प्रत्येक रिक्वेस्टबरोबर बेसिक ऑथेंटिकेशनने युजरनेम-पासवर्ड जातोय. आता मोबाइल ॲप येणार आहे आणि त्यात पासवर्ड साठवून ठेवायचा नाही. मग टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायची खूण, कुठे तयार करायचं, कुठे तपासायचं, लॉगआउट कसं करायचं आणि सगळे सांगतात ते जेडब्ल्यूटी (सही केलेलं जेसन वेब टोकन) घ्यायचं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात. तुमच्याकडे जे आहे त्यासाठी जेडब्ल्यूटी घेऊ नका. अंदाज बांधता येणार नाही अशी एक लांब रँडम स्ट्रिंग आणि ती कोणाची हे सांगणारी डेटाबेसमधली एक ओळ, एवढं पुरे. टोकन देणं आणि तपासणं कुठल्याही पद्धतीत सोपंच असतं. कस लागतो तो दिलेलं टोकन परत काढून घेताना. फोन हरवला, पासवर्ड बदलला, माणूस नोकरी सोडून गेला, अशा वेळी डेटाबेसमधली ओळ उडवली की विषय संपतो. जेडब्ल्यूटीची वैधता त्याच्या सहीवर आणि आतल्या मुदतीवर ठरते. एकदा दिलं की मुदत संपेपर्यंत ते तुमच्या हातात राहत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे दर रिक्वेस्टला डेटाबेसला विचारावं लागेल. लागू द्या. तुमची जवळपास प्रत्येक रिक्वेस्ट तशीही डेटाबेसकडे जाते, आणि इंडेक्स असलेल्या कॉलमवरून एक ओळ शोधणं हे त्यातलं सगळ्यात हलकं काम असतं. उलट आज काय चाललंय ते बघा. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश केलेले, म्हणजे उलट काढता न येणाऱ्या रूपात साठवलेले असतील (नसतील तर टोकन बाजूला ठेवा, आधी ते करा), तर बेसिकमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला बीक्रिप्ट चालतं, आणि ते मुद्दाम संथ ठेवलेलं असतं. टोकन आलं की ते संथ काम फक्त लॉगिनच्या वेळी होईल. म्हणजे तुमची सेवा या बदलानंतर बहुधा जास्त वेगाने चालेल.

आता प्रत्यक्ष काम. लॉगिनसाठी एक पोस्ट एंडपॉइंट करा. तो युजरनेम-पासवर्ड जेसनमध्ये घेईल, पासवर्ड पडताळेल आणि टोकन परत देईल. सगळं एचटीटीपीएसवरच, बेअरर टोकन ज्याच्या हाती लागेल त्याचं असतं. युजरनेम चुकलं काय आणि पासवर्ड चुकला काय, उत्तर एकच द्या. एक बारीक गोष्ट बरेच जण सोडून देतात: युजर सापडला नाही तर लगेच नकार न देता एखाद्या खोट्या हॅशवर बीक्रिप्ट चालवा आणि मग नकार द्या. नाहीतर उत्तर किती लवकर आलं यावरूनच कुठली युजरनेमं अस्तित्वात आहेत ते बाहेर कळतं. या एंडपॉइंटवर चुकीच्या प्रयत्नांना मर्यादाही घाला.

टोकन तयार करायला सिक्युअररँडम वापरा: ३२ बाइट घ्या आणि जावाच्या बेस६४ क्लासमधल्या यूआरएल एन्कोडरने, पॅडिंग न ठेवता, स्ट्रिंग करा. ४३ अक्षरांचं टोकन मिळेल. साधा जावा.युटिल.रँडम इथे अजिबात नको. त्याची आतली अवस्था फक्त ४८ बिटांची असते आणि लागोपाठचे दोन पूर्णांक हाती आले की पुढचे सगळे काढता येतात. यूयूआयडी.रँडमयूयूआयडी वापरलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. जावात ते आतून सिक्युअररँडमच वापरतं आणि १२२ रँडम बिट देतं, त्यामुळे तसा कोड सापडला तर घाबरून जायचं कारण नाही. पण नव्याने लिहिताय तर ३२ बाइटच घ्या.

डेटाबेसमध्ये मात्र टोकन जसंच्या तसं ठेवू नका, त्याचा एसएचए-२५६ हॅश ठेवा. बॅकअपची फाइल कोणाच्या हाती लागली तर त्यातून चालू टोकनं मिळता कामा नयेत. इथे बीक्रिप्ट का नाही, असा प्रश्न पडेल. पासवर्ड माणूस निवडतो, म्हणून तो अंदाजाने फोडता येतो आणि म्हणून हॅश संथ हवा. २५६ रँडम बिट अंदाजाने फोडणं शक्यच नाही, तिथे वेगवान हॅश पुरतो. शिवाय बीक्रिप्टमध्ये प्रत्येक वेळी वेगळा सॉल्ट (हॅशमध्ये मिसळलेली रँडम भर) येतो, त्यामुळे हॅशवरून ओळ शोधताच येणार नाही. टेबलमध्ये टोकनचा हॅश (युनिक इंडेक्ससह), युजरचा आयडी, कधी दिलं, मुदत कधी संपते आणि कुठल्या उपकरणाला दिलं, एवढे कॉलम ठेवा. शेवटचा कॉलम आज अनावश्यक वाटेल, पण 'माझी चालू लॉगिनं दाखवा' ही मागणी आली की तोच कामी येतो. शेवटचा वापर कधी झाला हेही ठेवायचं असेल तर प्रत्येक रिक्वेस्टला ते लिहीत बसू नका. काही मिनिटांनी एकदा लिहिलं तरी चालतं.

लॉगआउट म्हणजे ही ओळ डिलीट. पासवर्ड बदलला की त्या युजरच्या सगळ्या ओळी डिलीट. मुदत संपलेल्या ओळी झाडायला रात्रीचं एखादं काम लावा, पण मुदतीची तपासणी त्या कामावर सोपवू नका. ती शोधतानाच क्वेरीमध्ये हवी.

यापुढे खरा कोड जिथे बसतो ते ठिकाण: फिल्टर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट एंडपॉइंटकडे जाण्याआधी चालणारा क्लास. जॅक्स-आरएसच्या (जर्सी ज्यावर बेतलेली आहे त्या जावाच्या मानकाच्या) २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, कंटेनररिक्वेस्टफिल्टर हा इंटरफेस मिळतो. तो इम्प्लिमेंट करणारा क्लास लिहा, त्यावर @प्रोव्हायडर लावा आणि @प्रायॉरिटीमध्ये प्रायॉरिटीज.ऑथेंटिकेशन द्या. ही संख्या १००० आहे आणि ऑथोरायझेशनची २०००. लहान संख्येचा फिल्टर आधी चालतो, म्हणजे ओळख आधी पटते आणि परवानगी मग तपासली जाते. फिल्टर मेथडमध्ये ऑथोरायझेशन हेडर वाचायचा. तो 'बेअरर', एक स्पेस आणि मग टोकन असा येतो. ही रीत २०१२ च्या आरएफसी ६७५० मधली आहे. 'बेअरर' हा शब्द लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत कसाही आला तरी स्वीकारा, एचटीटीपीत स्कीमच्या नावाला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो. पुढे टोकनचा हॅश काढा, ओळ शोधा. सापडली तर पुढे जाऊ द्या, नाहीतर अबॉर्टविथ मेथडला ४०१ चा, म्हणजे ओळख न पटल्याचा, रिस्पॉन्स द्या आणि त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर घाला.

अबॉर्टविथनंतर रिटर्न लिहायला विसरू नका. अबॉर्टविथ मेथड तिथल्या तिथे थांबवत नाही. ती रिस्पॉन्स नोंदवते आणि खालच्या ओळी चालूच राहतात. हेडर नसताना अबॉर्टविथ केलं, रिटर्न नाही, आणि पुढच्या ओळीत नल असलेल्या हेडरवर सबस्ट्रिंग मागितली, की नलपॉइंटर एक्सेप्शन येतं. मग ४०१ ऐवजी ५०० जातं, आणि ॲप लिहिणारा माणूस 'सर्व्हर पडलाय' असं समजून तुमच्या मागे लागतो.

फिल्टर कुठल्या एंडपॉइंटला लागू करायचा, यावर मी हट्टी आहे. बहुतेक ठिकाणी तुम्हाला @नेमबाइंडिंगची पद्धत दिसेल. स्वतःचं एक अॅनोटेशन तयार करायचं, समजा @सिक्युअर्ड, आणि सुरक्षित हव्या त्या प्रत्येक मेथडवर ते लावायचं. पद्धत चालते, पण विसरलं तर दार उघडं राहतं. नवीन एंडपॉइंट लिहिणारा घाईत अॅनोटेशन विसरतो, सगळ्या चाचण्या हिरव्या येतात, कारण चाचणीत टोकन पाठवलेलंच असतं, आणि बाहेर तो एंडपॉइंट कोणालाही उत्तर देत बसतो. म्हणून उलटं करा. फिल्टर सगळ्यांना लागू ठेवा आणि सूट हवी त्या मेथडवर, म्हणजे लॉगिन आणि फार तर हेल्थ चेक, @परमिटऑल लावा. फिल्टरमध्ये @कॉन्टेक्स्टने रिसोर्सइन्फो मागवा, त्यातून चालणारी मेथड आणि तिचा क्लास मिळतो, त्यावर अॅनोटेशन आहे का ते बघा. आता विसरलं तर ४०१ येईल आणि लिहिणाऱ्याला पाच मिनिटांत कळेल. मात्र अशा फिल्टरला @प्रीमॅचिंग लावू नका. त्या टप्प्यावर मेथड ठरलेलीच नसते, रिसोर्सइन्फोमध्ये काही मिळणार नाही.

ब्राउझरमधूनही सेवा वापरली जाणार असेल आणि ती दुसऱ्या डोमेनवर असेल, तर खऱ्या रिक्वेस्टआधी परवानगी विचारणारी ऑप्शन्सची प्रीफ्लाइट रिक्वेस्ट येते. तिच्यात ऑथोरायझेशन हेडर कधीच नसतो. तिला ४०१ दिलं की ब्राउझर खरी रिक्वेस्ट पाठवतच नाही, आणि कन्सोलवर येणारी तक्रार टोकनची नसून कॉर्सची (दुसऱ्या डोमेनला हाक मारण्याच्या नियमांची) असते, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो. प्रीफ्लाइटला उत्तर देणारा कॉर्सचा फिल्टर आधीच्या टप्प्यावर, प्रीमॅचिंगमध्ये ठेवा.

टोकन पटल्यावर युजर कोण हे पुढच्या कोडला सांगायचं असतं. त्यासाठी थ्रेडलोकल वगैरे स्वतःचं काही उभारू नका, सेटसिक्युरिटीकॉन्टेक्स्ट आहे. त्याला तुमचा सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट द्या. त्यात चार मेथड लिहायच्या: युजर प्रिन्सिपल कोण, अमुक रोल आहे का, कनेक्शन सुरक्षित आहे का (हे जुन्या कॉन्टेक्स्टला विचारून तेच परत द्या) आणि स्कीम कुठली. मग कुठल्याही रिसोर्स मेथडमध्ये @कॉन्टेक्स्टने तो मागवला की युजर हाती येतो.

रोल तपासायला @रोल्सअलाउड आहे, आणि इथे जर्सी एक वाईट खोडी काढते. हे अॅनोटेशन तुम्ही लावलंत तरी रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर हा क्लास रजिस्टर केल्याशिवाय जर्सी ते बघतच नाही. एरर नाही, इशारा नाही. कोड वाचणाऱ्याला वाटतं ॲडमिनचे एंडपॉइंट बंद आहेत, आणि ते सताड उघडे असतात. रेस्टईझी या जर्सीसारख्याच दुसऱ्या लायब्ररीतही रोलची तपासणी सेटिंग देऊन चालू करावी लागते. तेव्हा साध्या युजरच्या टोकनने ॲडमिनच्या एंडपॉइंटला हाक मारून ४०३ येतं का ते स्वतः बघा. ४०१ आणि ४०३ यांची गल्लतही करू नका: ४०१ म्हणजे तू कोण ते पटलं नाही, पुन्हा लॉगिन कर, ४०३ म्हणजे ओळखलं, पण हे तुला करता येणार नाही. ॲप ४०१ आलं की लॉगिनचा स्क्रीन दाखवणार, त्यामुळे ४०३ च्या जागी ४०१ दिलंत तर युजर लॉगिनच्या चक्रात अडकतो.

अशीच गुपचूप फसवणारी दुसरी गोष्ट पॅकेजच्या नावाची. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये जावाएक्सची पॅकेजेस जकार्ता झाली आणि जर्सी ३ ती नवी नावं वापरते. जुन्या लेखातून उचललेला फिल्टर जावाएक्समधले इम्पोर्ट घेऊन जर्सी ३ मध्ये आला, आणि जुनी लायब्ररी क्लासपाथवर कुठून तरी आलेली असली, तर कोड कंपाइल होतो, सेवा सुरू होते, आणि फिल्टर चालत नाही. म्हणून टोकनशिवाय रिक्वेस्ट पाठवून ४०१ येतं का, ही सगळ्यात पहिली चाचणी लिहा.

टोकन यूआरएलच्या क्वेरीत पाठवू नका. ते ॲक्सेस लॉगमध्ये, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत जाऊन बसतं. तुमचा स्वतःचा लॉगही तपासा. डीबगसाठी सगळे हेडर छापणारा फिल्टर कोणीतरी कधीतरी घातलेला असतोच. ॲपने टोकन अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या आणि आयओएसवर कीचेनच्या आधाराने ठेवावं. ब्राउझरसाठी मी लोकलस्टोरेजपेक्षा एचटीटीपीओन्ली, सिक्युअर कुकी पसंत करतो, कारण पानात घुसलेल्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. पण कुकी ब्राउझर आपणहून पाठवतो, तेव्हा सीएसआरएफचा (दुसऱ्या साइटने युजरच्या नावावर रिक्वेस्ट पाठवण्याचा) बंदोबस्त करावा लागतो. हेडरमधून जाणाऱ्या टोकनला तो प्रश्न येत नाही.

आता जेडब्ल्यूटी कधी? सेवा एकाच्या पाच झाल्या, त्यांचे डेटाबेस वेगळे, आणि प्रत्येकीने लॉगिनच्या सेवेला न विचारता टोकन ओळखायचं, अशी गरज खरोखर आली तर. २०१५ च्या आरएफसी ७५१९ मध्ये त्याची व्याख्या आहे: हेडर, मजकूर आणि सही, असे टिंबांनी जोडलेले तीन भाग. मजकूर फक्त बेस६४ यूआरएलमध्ये लिहिलेला असतो. ते बंद पाकीट नाही, सही केलेलं पोस्टकार्ड आहे. टोकन हाती असलेला कोणीही ते वाचू शकतो, त्यामुळे त्यात खासगी काही घालू नका.

लायब्ररी निंबस किंवा जेजेडब्ल्यूटी, कुठलीही चालेल. स्वतः पार्सर लिहू नका. कुठला अल्गोरिदम स्वीकारायचा ते तुमच्या कोडने ठरवायचं, टोकनच्या हेडरने नाही. काही लायब्ररींनी पूर्वी हेडरवर विश्वास ठेवला, तेव्हा 'नन' असं लिहिलेलं बिनसहीचं टोकनही खरं मानलं गेलं. एचएस२५६ (एकाच गुप्त कीने सही करण्याची पद्धत) वापरणार असाल तर की किमान ३२ बाइटची आणि रँडम हवी, कंपनीचं नाव आणि १२३ नव्हे. आणि मुदतीचा आकडा सेकंदांत असतो, तर जावाचं करंटटाइममिलिस मिलिसेकंद देतं. लायब्ररीला डेट दिलीत तर ती बदल करून घेते. मुदतीच्या दाव्यात (टोकनच्या मजकुरातल्या नोंदीत) स्वतः मिलिसेकंदांचा आकडा टाकलात तर टोकनची मुदत पन्नास हजार वर्षांहून पुढे जाते आणि ते कधीच नाकारलं जात नाही. जेडीकेही अद्ययावत ठेवा. जावा १५ ते १८ मध्ये ईसीडीएसएची सही पडताळण्यात अशी चूक होती की सहीचे दोन्ही आकडे शून्य दिले तरी ती खरी ठरायची. एप्रिल २०२२ च्या अपडेटमध्ये ती दुरुस्त झाली. ईएस२५६ची, म्हणजे ईसीडीएसएने सही केलेली, टोकनं वापरणाऱ्यांना त्याचा थेट फटका होता.

रद्द करण्याचा प्रश्न जेडब्ल्यूटीत सुटत नाही, फक्त लहान होतो. मुदत पाच-दहा मिनिटांची ठेवायची, आणि नवं मिळवायला एक लांब मुदतीचं रिफ्रेश टोकन द्यायचं. ते रिफ्रेश टोकन रद्द करता यावं म्हणून डेटाबेसमध्ये ठेवायचं. म्हणजे वर सांगितलेलं टेबल मागच्या दाराने परत आलंच. म्हणून म्हणतो, एका सेवेसाठी आधी टेबलच करा.

स्प्रिंग बूटवर जायचा विचार असेल तर हेच सगळं स्प्रिंग सिक्युरिटीच्या चेनमध्ये वन्सपररिक्वेस्टफिल्टरने होतं आणि सेशन स्टेटलेस ठेवायचं. तुमचा फिल्टर @कॉम्पोनंट असेल तर बूट त्याला चेनबाहेर सर्व्हलेट कंटेनरमध्येही आपणहून रजिस्टर करतो, ते बंद करा. वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर दाखवणारे लेख जुने आहेत. सिक्युरिटी ६ मध्ये तो क्लास उरलेला नाही.

राहिलं जुन्या ग्राहकांचं. एका रात्रीत बेसिक बंद करू नका. फिल्टरमध्ये स्कीम बघा: बेअरर असेल तर टोकनची वाट, बेसिक असेल तर जुनी वाट, दोन्हीकडून शेवटी सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट तोच तयार होतो, त्यामुळे रिसोर्सच्या कोडला फरक कळतही नाही. बेसिकने आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टचं युजरनेम आणि युजर-एजंट लॉगमध्ये नोंदवा, पासवर्ड नाही. त्या यादीवरून कोणाला कळवायचं ते समजेल. यादी रिकामी झाली, आणि महिनाअखेरीला एकदाच चालणारं एखादं बॅच काम त्यात नाही याची खात्री झाली, की बेसिकची फांदी कोडमधून काढून टाका.